पदवी चालते, मग अनुभव का नाही?

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर सीएच्या क्लासचे फलक वाचत गेलं की वाटतं, हा अभ्यासक्रम बारावी झालेल्या मुलांसाठीच आहे. पण याच शहरात जेनपॅक्ट, इन्फोसिस यांच्या केंद्रांत परदेशी कंपन्यांची बिलं, येणी-देणी आणि महिनाअखेरचे हिशेब सांभाळणारी माणसंही आहेत. अशा कामात रमलेल्या, तिशी ओलांडलेल्या एखाद्या इंजिनिअरला सीए व्हायचं असेल तर? या सदराला येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न वारंवार असतो, आणि पहिली शंका पदवीचीच असते.

पदवीची अडचण फारशी नाही. वाणिज्य शाखेत 55 टक्के किंवा इतर शाखेत 60 टक्के गुण असतील, तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला नाव नोंदवता येतं. आठ महिने अभ्यास केला की परीक्षेला बसता येतं. गुण त्याहून कमी असतील तर फाउंडेशनपासून सुरुवात. विशीतले 58 टक्के पस्तिशीतही आडवे यावेत हे मला पटत नाही. तरी चार पेपरांचा तो टप्पा पार होण्यासारखा आहे.

खरी भिंत आर्टिकलशिपची, म्हणजे सीएच्या हाताखाली करायच्या प्रशिक्षणाची. 1 जुलै 2023 पासूनच्या नव्या योजनेत ती तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, हे चांगलंच झालं. पण या काळात परवानगीशिवाय दुसरी नोकरी करता येत नाही. वीस लाखांवर वस्तीच्या शहरात, म्हणजे जयपुरातही, किमान विद्यावेतन पहिल्या वर्षी महिना 4,000 रुपये आणि दुसऱ्या वर्षी 5,000. घराचा हप्ता, मुलाची फी आणि आईवडिलांची औषधं या पैशांत कशी भागवायची? बुद्धी आणि चिकाटी दोन्ही असलेली माणसं इथे थांबतात. नोकरीतून बाहेर पडून पुन्हा उभं राहू पाहणाऱ्या स्त्रियांचं तर यात फारच नुकसान होतं.

आर्टिकलशिप रद्द करा, असं मी म्हणणार नाही. जोहरी बाजारातल्या पेढीवर खड्यांच्या साठ्याचं मूल्य कसं तपासायचं, सांगानेरच्या छपाई कारखान्यातला माल वह्यांशी कसा ताडायचा, हे पुस्तकातून येत नाही. पण शेवटच्या वर्षातले 9 ते 12 महिने मान्यताप्राप्त कंपनीत, तिथल्या सीएच्या हाताखाली घालवायची मुभा सीए इन्स्टिट्यूटनेच दिलेली आहे. म्हणजे कंपनीतलं कामही प्रशिक्षण ठरू शकतं, हे संस्थेला मान्य आहे. मग जो माणूस अशाच कंपनीत, अशाच सीएच्या हाताखाली सात-आठ वर्षं काम करून आला आहे, त्याचे निदान तेवढे महिने का धरू नयेत? खातरजमेसाठी त्या सीएचं प्रमाणपत्र घ्या, कामाच्या नोंदी मागवा, तोंडी परीक्षा घ्या.

अमेरिकेत सीपीए, म्हणजे तिथला सीए, होण्यासाठी वर्षानुवर्षं 150 क्रेडिट तासांचं शिक्षण लागत असे. ओहायो राज्याने जानेवारी 2025 मध्ये कायदा बदलला: साधी पदवी, दोन वर्षांचा अनुभव आणि परीक्षा एवढ्यावरही परवाना, 1 जानेवारी 2026 पासून. पाठोपाठ इतर राज्यांनीही तीच वाट धरली. आपल्याकडे सीएमएच्या, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या, अभ्यासक्रमात 15 महिन्यांचं प्रशिक्षण आहे आणि तिथे नोकरीतला संबंधित अनुभव धरला जातो. मात्र कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षणावर सीएमएला सही करता येत नाही, म्हणून ज्याला ती सहीच हवी आहे त्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. जीएसटी प्रॅक्टिशनरची वाटही नुसत्या बीटेकवाल्याला बंदच. तिथे वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवस्थापनाची पदवी मागतात.

इन्स्टिट्यूटने अनुभवी उमेदवारांचे ते 9 ते 12 महिने आर्टिकलशिपमध्ये धरण्याची सवलत द्यावी, आणि लवकर द्यावी.

तोवर वाचकांना एक सांगणं. पूर्वी थेट प्रवेश घेणारा पदवीधर इंटरच्या आधीच आर्टिकलशिपला लागत असे. आता इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय ती सुरूच होत नाही. म्हणून राजीनाम्याची घाई करू नका. इंटरची परीक्षा आता वर्षातून तीनदा होते. नोकरी सांभाळून ती द्या, पगारातून दोन वर्षांच्या घरखर्चाची तजवीज करा आणि दोन्ही ग्रुप सुटल्याचा निकाल हाती आल्यावरच साहेबांना पत्र द्या.