अमूर्ताची मक्तेदारी

परवा एका परिसंवादात एका अभ्यासकांनी ठासून सांगितलं, की राजकीय सिद्धान्त सामान्य माणसाला झेपत नाही. त्याची बुद्धी रेशन, रस्ता आणि स्वतःची जात यांच्यापलीकडे जात नाही. न्याय, हक्क, सार्वभौमत्व या अमूर्त कल्पना पेलायला वर्षानुवर्षांचं वाचन लागतं. तेव्हा ज्यांना ते जमतं त्यांनी विचार करावा आणि बाकीच्यांनी मत देऊन गप्प बसावं. यावर टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत माझे दोन विद्यार्थी होते आणि दोघंही आपापल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली माणसं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

या मांडणीच्या मुळाशीच घोटाळा आहे. अमूर्त विचार म्हणजे अवघड शब्द, असं या गृहस्थांनी धरून ठेवलं आहे. शब्द अवघड असले आणि विचार पोकळ असला, असे ग्रंथ मी तीस वर्षं तपासत आलो आहे. अमूर्त विचार म्हणजे समोरच्या प्रकरणातलं नाव-गाव बाजूला काढायचं आणि उरतो तो नियम पाहायचा. आणि हे काम माणसं रोज करतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात मी बचत गटाच्या बैठकीला बसलो होतो. मारुतीच्या देवळाचा ओटा, वीसेक बाया, मधे लोखंडी पेटी आणि हिशेबाची वही. हप्ता १०० रुपये, चुकला की १० रुपये दंड. एक सभासद बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिचे तीन हप्ते थकले. ‘जाऊ द्या, लेकुरवाळी आहे, दंड सोडा,’ असं बहुतेकींचं म्हणणं पडलं. तेवढ्यात भाजी विकणाऱ्या, वहीवर अंगठा उठवणाऱ्या एक आजी म्हणाल्या, ‘आधी तिचं नाव काढा मधनं. उद्या कुणी आजारी पडलं, कुणी ऊसतोडीला गेलं, कुणी नुसताच आळस केला, तर काय करायचं ते ठरवा. मग तिचं बघू.’ पुढचा पाऊण तास वाद रंगला. आजारपण आणि बाळंतपण एकच का? ऊसतोडीला कुणी हौसेनं जातं का? शेवटी ठरलं, की जे बाईच्या हातात नव्हतं त्याला दंड नाही, पण हप्ता कुणालाच माफ नाही. आपण कोण, कुठल्या घरातले, हे विसरून नियम ठरवावेत, अशी कल्पना तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१च्या ग्रंथात मांडली. ती आम्ही वर्गात महिनाभर शिकवतो. आजींनी ती ओट्यावर बसून वापरली.

हे एकट्या आजींचं नाही. जोतीराव-सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील, तर वेद नसलेल्या आम्हांला धर्मच नाही असं ठरतं, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. प्रतिपक्षाचं विधान खरं धरायचं आणि त्यातूनच त्याची कोंडी करायची, हा शुद्ध तर्क आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू हे झाड की गवत, यावर पुढचं सगळं अडलं. १९२७चा वन कायदा बांबूला झाडात मोजत होता, तर २००६चा वनहक्क कायदा गौण वनोपजात. व्याख्या बदलली की मालक बदलतो, हे गावानं ओळखलं, तो मुद्दा लावून धरला, आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले.

सामान्यांना वेळ नसतो, हा दुसरा आक्षेप. तो बुद्धीविषयी काहीच सांगत नाही. ते जातीवर मत देतात, हा तिसरा. मग आमच्या विद्यापीठांतल्या निवडणुका कशावर होतात?

हा वाद नवा नाही. इंग्रजांच्या काळात मताला मालमत्तेची आणि शिक्षणाची अट होती, आणि ती काढली तर देश बुडेल असं म्हणणारे आपल्यातही होते. १९५१च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के भरली. त्याच वर्षी देशानं प्रौढ मताधिकारावर पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू केली. देश बुडाला नाही. तरी दर पिढीत तीच भीती नवे कपडे घालून येते, आणि दर वेळी ती शिकलेल्यांच्याच तोंडून येते. याची मला शरम वाटते.

माझं म्हणणं साधं आहे. निर्णय हातात असला की विचार वाढतो. मेंढ्यात अभ्यासगट आहे. तिथे विषय चघळला जातो, पण निर्णय ग्रामसभाच घेते, तोही सर्वसहमतीनं. असे गट गावोगावी, वस्तीवस्तीत व्हावेत. आपण अध्यापकांनी तिथे जाऊन बसावं, सार्वभौमत्वासारखे शब्द मराठीत सोडवून सांगावेत आणि लोकांचे शब्द उचलून आणावेत. सगळेच त्यातून विचारवंत होतील असा माझा दावा नाही. सगळे प्राध्यापक तरी कुठे होतात?

टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या दोघा विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे: दिवाळीला घरी जाल तेव्हा आईच्या शेजारी बसा, आणि तिच्या गटात दंडाचा नियम कसा ठरला ते तिला विचारा. वही सोबत न्या.