न पाहिलेले लिहू नये

दहावीचा निकाल लागला की आमचे विद्यार्थी आईवडिलांसह पेढे घेऊन भेटावयास येतात. "पुढे काय करणार?" असे विचारले असता चांगले गुण मिळविलेल्यांपैकी पुष्कळ जण "डॉक्टर होणार" असे उत्तर देतात. ते ऐकून आम्हांस संतोष होतो; कारण दुखणेकऱ्याच्या उशाशी उभे राहण्याहून थोर असे काम जगात फार थोडे आहे. परंतु "त्यासाठी पुढील दोन वर्षांत काय काय मिळवावयाचे?" असा दुसरा प्रश्न केला म्हणजे बहुधा पालकच बोलू लागतात आणि त्यांचे उत्तर एका आकड्यात संपते. नीट या प्रवेशपरीक्षेच्या ७२० गुणांपैकी किती हवेत, तो हा आकडा होय.

या आकड्याची आम्ही थट्टा करीत नाही. २०२४ साली या परीक्षेसाठी सुमारे २४ लक्ष विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली होती. १८० प्रश्न, त्यांतील ९० एकट्या जीवशास्त्राचे, आणि वेळ बेताचाच. तेव्हा कसून अभ्यास केलाच पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच की, गुण हे प्रवेशाचे साधन होय. ज्यास आत जावयाचे तो मनुष्य कसा घडत आहे, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

गेल्या नाताळच्या सुटीत बारावीत शिकणारा आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. मुलगा हुशार व सरळ मनाचा. त्याच्या वडिलांनी क्लासच्या फीसाठी कर्ज काढले आहे, हेही आम्हांस ठाऊक होते. सहज म्हणून आम्ही त्याची जीवशास्त्राची जर्नल चाळली. कांद्याच्या मुळीच्या टोकाशी पेशी कशा विभागतात, त्याच्या सुरेख आकृत्या होत्या. 'निरीक्षण' या मथळ्याखाली सर्व अवस्था स्पष्ट दिसल्याचे लिहिले होते. "हे सूक्ष्मदर्शकातून तू किती वेळ पाहिलेस?" असे विचारताच त्याने मान खाली घातली. "सर, पाहिलेच नाही. कॉलेजात फक्त नाव आहे. दिवसभर क्लासला असतो. मित्राच्या वहीतून उतरविले. सगळेच असे करतात."

त्याने खरे सांगितले, याचे आम्हांस समाधान वाटले. पण ते शेवटचे वाक्य मनास लागून राहिले. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत प्रत्येक शास्त्रविषयाच्या १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे असतात. ते अशा रीतीने मिळत असतील, तर मुलगा डॉक्टरकीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवण्यापूर्वीच एक गोष्ट शिकून बसतो: न पाहताही 'दिसले' असे लिहिता येते! आज वहीत कांद्याची मुळी आहे. दहा वर्षांनी त्याच हातात रुग्णाचा केसपेपर असेल. पहाटे तीन वाजता नाडी मोजावयाची, रक्तदाब पाहावयाचा आणि लिहावयाचे. डोळ्यांवर झोप असेल, पाहणारे कोणी नसेल. त्या वेळी हात कोणत्या सवयीने चालेल? आणि सकाळी येणारा दुसरा डॉक्टर त्याच आकड्यावर विसंबून औषध ठरवील!

खऱ्या नोंदीची किंमत किती, हे व्हिएन्ना येथील इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या चरित्रावरून कळते. तेथील मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने पुष्कळच अधिक स्त्रिया दगावत. सेमेलवाइसने दोन्हीकडील मृत्यूंच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि १८४७ साली त्यास उमगले की, शवविच्छेदन करून तसेच आलेले डॉक्टरांचे हातच मृत्यू घेऊन येत आहेत. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम त्याने घातला व मृत्यू झपाट्याने घटले. त्या नोंदवह्या कोणी अंदाजाने भरल्या असत्या, तर हा शोध लागता ना!

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही कॉलेजात जाताना गुणांच्या आकड्याखाली आणखी तीन संकल्प लिहा. पहिला असा: प्रत्येक प्रयोग स्वतः करीन व जे दिसेल तेच लिहीन. ब्युरेटमधील वाचन शेजाऱ्याशी जुळले नाही, तर खोडू नका. का जुळले नाही ते शोधा.

दुसरा संकल्प: जे येत नाही, त्यास 'येत नाही' म्हणेन. प्रवेशपरीक्षाही हेच शिकविते. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, कोऱ्या सोडलेल्या प्रश्नास शून्य, आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला जातो. 'हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, मोठ्या दवाखान्यात न्या' असे वेळेवर सांगणाऱ्या डॉक्टरने कित्येकांचे प्राण वाचविले आहेत.

तिसरा संकल्प: दुसऱ्याचे ऐकून घेईन. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातील जामखेड येथे आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी गावकऱ्यांचे म्हणणे ऐकले, तेव्हा लोकांची पहिली गरज पाणी व अन्न ही असल्याचे कळले. मग तेथूनच आरोग्याचे काम उभे राहिले, आणि अक्षरओळख नसलेल्या खेड्यांतील स्त्रिया त्यांच्या हाताखाली उत्तम आरोग्यसेविका झाल्या. तुम्हांस आज एवढे मोठे काम करावयाचे नाही. आठवड्यातून एकदा आजीजवळ बसा. गोळ्या कोणत्या वेळी घेते, कोणती का टाळते, ते मध्ये न बोलता ऐका.

पालकहो, "हे सारे प्रवेश मिळाल्यावर पाहू" असे तुम्ही म्हणाल. तुमची काळजी आम्ही जाणतो. पण सोळाव्या-सतराव्या वर्षी लागलेली सवय प्रवेशपत्रासोबत बदलत नाही. कॉलेज निवडण्यापूर्वी तेथील प्रयोगशाळा खरोखर उघडते का, एवढे विचारा. आणि संध्याकाळी मूल घरी आले म्हणजे "टेस्टमध्ये किती पडले?" याच्या आधी "आज काय पाहिलेस?" असे विचारून पाहा. प्रवेश मिळाला नाही, तरी ही शिकवण वाया जाणार नाही. परिचारिकेस, औषधनिर्मात्यास, रक्त तपासणाऱ्या तंत्रज्ञासही ती तितकीच लागते.

त्या मुलास आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत नेले. पाण्याच्या बरणीवर कांदा ठेवला. मुळ्या फुटल्यावर तो पुन्हा आला; टोके रंगवून, काचपट्टीवर दाबून अर्धा तास सूक्ष्मदर्शकावर वाकून बसला. "सर, पुस्तकातल्यासारखे नाही हो! बहुतेक पेशी नुसत्याच आहेत. विभागणाऱ्या दोनच सापडल्या." मग त्याने जुने पान फाडले व नव्या पानावर लिहिले: 'बहुतेक पेशी विभाजनाच्या अवस्थेत नव्हत्या. दोन दिसल्या.'

संत पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता. आपले शुभवर्तमान लिहिण्यापूर्वी त्याने सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केला, असे तो स्वतःच सांगतो. आमच्या या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक भावी डॉक्टरास अशीच पाहणारी दृष्टी व खरे लिहिणारा हात लाभो, ही आमची प्रभूचरणी प्रार्थना आहे.