राजधानीचे नंतर बघू

आंध्र प्रदेश पुनर्रचना कायदा, 2014. कलमे 108, परिशिष्टे 13. निवृत्तिवेतनाचा बोजा आंध्र आणि तेलंगणा या दोन राज्यांनी कसा वाटून घ्यायचा, यासाठी एक अख्खे परिशिष्ट. सरकारी कंपन्या आणि महामंडळांची यादी एका परिशिष्टात, प्रशिक्षण संस्थांची दुसऱ्यात. कृष्णा-गोदावरीच्या पाण्यासाठी दोन मंडळे. कोळसा, तेल, वीज यांची वाटणी निराळी. मसुदा लिहिणाऱ्यांनी हयगय केली, असे कोणी म्हणणार नाही.

मग मूळ पाचवे कलम वाचावे. हैदराबाद ही दोन्ही राज्यांची संयुक्त राजधानी. मुदत जास्तीत जास्त 10 वर्षे. मुदत संपली की हैदराबाद एकट्या तेलंगणाचे आणि आंध्र प्रदेशाला नवी राजधानी असेल. कलम इथेच संपते. ही राजधानी कुठे असेल? कोण ठरवेल? कधीपर्यंत ठरवेल? कलम गप्प होते.

पुढच्या कलमात एक तज्ज्ञ समिती आहे. तिने सहा महिन्यांत पर्याय अभ्यासायचे आणि शिफारशी करायच्या. त्या पाळण्याचे बंधन कोणावरही नाही. 94व्या कलमात केंद्राची मदत आहे. राजभवन, उच्च न्यायालय, सचिवालय, विधिमंडळ यांच्या इमारतींसाठी विशेष अर्थसाह्य मिळेल, पण किती ते लिहिलेले नाही. गरज पडली तर निकृष्ट वनजमीन मोकळी करून देऊ, हे मात्र आठवणीने लिहिले आहे. जमीन कुठल्या गावाची, याचा पत्ता नसताना ती जंगलातली असू शकेल याची काळजी कायद्याने घेतली.

पुढचे अपेक्षितच होते. ऑगस्ट 2014 मध्ये या तज्ज्ञ समितीने, म्हणजे शिवरामकृष्णन समितीने, अहवाल दिला. विजयवाडा-गुंटूर पट्ट्यातल्या सुपीक शेतीवर राजधानी उभारू नका, सगळा कारभार एका जागी कोंबू नका, असा त्याचा सूर होता. सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूंनी त्याच पट्ट्याची निवड जाहीर केली. शेतकऱ्यांकडून 33 हजार एकरांहून अधिक जमीन घेतली गेली. ऑक्टोबर 2015 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते कृष्णाकाठच्या अमरावतीची पायाभरणी झाली. डिसेंबर 2019 मध्ये नवे मुख्यमंत्री जगनमोहन रेड्डींनी एकाऐवजी तीन राजधान्या मांडल्या. विधिमंडळ अमरावतीत, सचिवालय विशाखापट्टणमला, उच्च न्यायालय कर्नूलला. 2020 मध्ये तसा कायदा केला, 2021 मध्ये मागे घेतला. जमीन देणारे शेतकरी रस्त्यावर बसले.

आता गंमत नाही, गांभीर्य पाहा. राजधानी ठरवणे राज्याचे काम, आमचा त्यात संबंध नाही, असे केंद्राने 2020 मध्ये उच्च न्यायालयाला प्रतिज्ञापत्रावर सांगितले. मार्च 2022 मध्ये त्याच उच्च न्यायालयाने निकाल दिला की, राजधानी हलवण्याचा कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला नाही. केंद्र म्हणते राज्याने ठरवावे, न्यायालय म्हणते राज्याला बदलता येत नाही. निकालातल्या मुदतबंद आदेशांना सर्वोच्च न्यायालयाने पुढे स्थगिती दिली आणि वाद लांबला. दोष न्यायाधीशांचा नव्हे. जे कलम कोणालाच अधिकार देत नव्हते, त्यातून प्रत्येक जण आपापला अर्थ काढणार.

राज्याच्या स्वायत्ततेचा मान राखला, असा बचाव होतो. तो टिकत नाही. राज्याने ठरवावे असेच वाटत होते, तर तसे लिहायला एक ओळ पुरली असती. लोकसभेने हे विधेयक 18 फेब्रुवारीला मंजूर केले, राज्यसभेने 20 फेब्रुवारीला, आणि 2 जूनला दोन राज्ये झाली. मधल्या काळात निवडणुका उरकायच्या होत्या. ज्या प्रश्नावर भांडण होणार हे उघड होते, तोच प्रश्न दहा वर्षांच्या मुदतीत गुंडाळून पुढे ढकलला. संयुक्त राजधानीही अशी की, आंध्रच्या हद्दीपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, दुसऱ्याच्या राज्यात.

1960 आठवावे. मुंबईवरून कटुता कमी नव्हती. तरी 1 मे रोजी मुंबई महाराष्ट्राची झाली आणि गुजरातचे सरकार अहमदाबादेत, स्वतःच्या भूमीवर बसले. त्याच दिवशी तिथे गुजरातचे स्वतंत्र उच्च न्यायालय सुरू झाले. गांधीनगर सावकाश उभे राहिले. संयुक्त राजधानीची भानगडच ठेवली नाही. आंध्रला स्वतःचे उच्च न्यायालय मिळायला 1 जानेवारी 2019 उजाडले.

2014 मध्ये नवे राज्य म्हणून तेलंगणाचे नाव लागले. पण तेलंगणाला शहर, सचिवालय, विधानभवन सगळे तयार मिळाले. नव्याने सरकार थाटायचे होते ते जुने नाव राखणाऱ्या आंध्रला, आणि कायद्याने त्याची तयारी एका अर्ध्या वाक्यात संपवली. 2 जून 2024 रोजी मुदत संपली तेव्हाही पाचव्या कलमात कोणत्याच गावाचे नाव नव्हते. पुढे ते घातले तरी अनिश्चिततेत गेलेली वर्षे आणि अर्धवट उभ्या इमारतींवर गंजलेल्या सळ्या परत मिळणार नाहीत.

विदर्भ असो, बुंदेलखंड असो, राज्य तोडण्याच्या मागण्या संपलेल्या नाहीत. पुढचे विधेयक येईल तेव्हा परिशिष्टे किती, हे कोणी मोजू नये. दोन्ही राज्यांची सरकारे पहिल्या दिवशी कुठे बसणार, हे त्यात लिहिले आहे का, एवढेच पाहावे. लिहिले नसेल तर ते विधेयक मतदानाला घेऊ नये.