अधिकार आणि उत्तरदायित्व

२६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईपासून दूर समुद्रात 'आयएनएस सिंधुरत्न' या पाणबुडीत धूर कोंडला. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन तरुण अधिकारी सहकाऱ्यांना वाचवताना प्राणांस मुकले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल देवेंद्रकुमार जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून पदत्याग केला. तत्कालीन केंद्र सरकारनेही तो त्याच दिवशी मंजूर केला. प्रमुखपदाचा सुमारे दीड वर्षाचा कालावधी शिल्लक असताना एका सेनापतीने आपली चाळीस वर्षांची सैनिकी कारकीर्द अशी संपविली. दुर्घटनेची जबाबदारी स्वीकारून भारताच्या सेनादलप्रमुखाने पद सोडण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

ही कारकीर्द सामान्य नव्हती. १९५४ साली जन्मलेले जोशी १ एप्रिल १९७४ रोजी नौदलाच्या कार्यकारी शाखेत दाखल झाले. पाणबुडीविरोधी युद्धतंत्र हा त्यांचा विशेष अभ्यासाचा विषय होता. 'कुठार' व 'रणवीर' या युद्धनौका आणि 'विराट' ही विमानवाहू नौका यांचे नेतृत्व त्यांनी केले. सिंगापूर येथील भारतीय उच्चायुक्तालयात ते संरक्षण सल्लागार होते. पूर्वेकडील ताफा, अंदमान-निकोबारचा संयुक्त विभाग आणि पश्चिम नौदल विभाग या क्रमाने दायित्वे सांभाळत ३१ ऑगस्ट २०१२ रोजी ते नौदलप्रमुख झाले. अशा माणसाला पदाचे मोल कळत नव्हते, असे कोण म्हणेल?

आक्षेप मात्र घेतला गेला. वादळात कप्तानाने जहाज सोडावे काय, असा प्रश्न विचारला गेला. प्रश्न गंभीर आहे. पण तो विचारणाऱ्यांनी आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावयास हवे. जहाजाची डागडुजी करण्याचा अधिकार कप्तानाच्या हाती होता काय? १९९९ साली तीस वर्षांत चोवीस पाणबुड्या उभारण्याची योजना मंजूर झाली. २००० साली 'सिंधुशस्त्र' दाखल झाली आणि त्यानंतर १७ वर्षे एकही नवी डिझेल-विद्युत पाणबुडी नौदलाला मिळाली नाही. माझगाव गोदीत बांधावयाच्या सहा पाणबुड्यांचा करार २००५ साली झाला, पण त्यांतील पहिली 'कलवरी' डिसेंबर २०१७ मध्ये सेवेत आली. मधल्या काळात जुन्या पाणबुड्यांनाच पुन्हापुन्हा समुद्रात जावे लागले. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक'मध्ये स्फोट होऊन १८ नौसैनिक हुतात्मा झाले, ते याच काळात.

प्रत्येक अपघाताचे कारण या विलंबातच होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. चुका नौदलाकडूनही झाल्या असतील आणि सेनापतीने त्या नाकारल्या नाहीत. परंतु पदत्यागानंतर त्याच वर्षी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत जोशी यांनी जे मर्म सांगितले, ते राज्यकारभार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावे असे आहे. व्यावसायिक ज्ञान एकीकडे, उत्तरदायित्व दुसरीकडे आणि निर्णयाचा अधिकार तिसरीकडे, अशी व्यवस्था असेल तर ती रोगट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्याच्या हाती अधिकार त्याला जाब विचारला जात नाही आणि ज्याला जाब विचारला जातो त्याच्या हाती अधिकार नसतो. २०१४ च्या त्या दिवशी गणवेशातील माणूस घरी गेला. फायली अडवून ठेवणारी व्यवस्था मात्र जागची हलली नाही.

१९५६ साली अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले, याचे स्मरण प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर केले जाते. स्मरण करणारे पुष्कळ, अनुकरण करणारे विरळा! आपल्या परंपरेत राज्य ही उपभोगाची वस्तू नाही, ती ठेव आहे. सिंहासनावर पादुका ठेवून नंदिग्रामातून कारभार पाहणारा भरत या समाजाला आदर्श वाटतो, तो याच कारणाने. पद सोडण्याची ज्याची सिद्धता आहे, त्याच्याच हाती पद सुरक्षित राहते.

म्हणूनच ऑक्टोबर २०१७ मध्ये जोशी यांची अंदमान-निकोबारच्या नायब राज्यपालपदी झालेली नियुक्ती केवळ निवृत्त सेनाधिकाऱ्याची सोय म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. २००१ साली स्थापन झालेल्या देशातील पहिल्या त्रिदल संयुक्त विभागाचे प्रमुख म्हणून ही बेटे त्यांच्या परिचयाची होती. मलाक्का सामुद्रधुनीच्या मुखाशी असलेला हा द्वीपसमूह भारताच्या सागरी सुरक्षेचे पूर्वद्वार आहे. दिल्लीने मात्र दीर्घकाळ त्याकडे दूरचा कोपरा म्हणूनच पाहिले. पुढे हे चित्र पालटू लागले. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राच्या तळाशी टाकलेल्या सुमारे २,३०० किलोमीटर केबलने ही बेटे वेगवान दूरसंचाराने मुख्य भूमीशी जोडली गेली.

या भूमीशी महाराष्ट्राचे नाते तर रक्ताचे आहे. १९११ साली स्वातंत्र्यवीर सावरकर येथील सेल्युलर कारागृहात आले. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी याच पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकविला. त्या घटनेला ७५ वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी तीन बेटांना नेताजी सुभाषचंद्र बोस, शहीद आणि स्वराज या नावांनी नवी ओळख मिळाली. जानेवारी २०२३ मध्ये २१ बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे देण्यात आली. गोऱ्या सेनानींची नावे पुसून वीरांची नावे लागणे हा राष्ट्राच्या आत्मसन्मानाचा विषय आहे.

तथापि नावे बदलल्याने कर्तव्य संपत नाही, ते वाढते. अंदमान-निकोबारला विधानसभा नाही. राष्ट्रपतींच्या वतीने नायब राज्यपालच तेथील प्रशासन चालवितो. नौदलात उत्तरदायित्व होते, अधिकार अपुरा होता. येथे अधिकार विपुल आणि जाब विचारणारे थोडे, अशी उलटी स्थिती आहे. सेनापतीने स्वतःवर जी कसोटी लावली, तीच राज्यकर्त्यावर लावण्याची ही जागा आहे.

ग्रेट निकोबारच्या गॅलेथिया खाडीत नियोजित असलेले मोठे बंदर हे या कसोटीचे उदाहरण. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. हिंदी महासागरात चीनचा वावर वाढत असताना तेथे भारताचे सामर्थ्य उभे राहणे अटळ आहे. पण त्याच बेटावरच्या अरण्यात शोंपेन जनजाती राहते आणि त्याच किनाऱ्यावर निकोबारी बांधवांना २००४ च्या सुनामीत घरेदारे गमवावी लागली. तेही या राष्ट्रपुरुषाचेच अवयव आहेत. सीमेचे रक्षण आणि वनवासी बांधवांचे रक्षण ही दोन वेगळी कर्तव्ये नव्हेत. तेथे काही चुकले तर त्याचे उत्तर कोण देणार, हे आधीच निश्चित असले पाहिजे.

जानेवारी २०२० पासून देशाला संरक्षण दलप्रमुख लाभले आणि संरक्षण मंत्रालयात सैनिकी व्यवहार विभाग उभा राहिला. अधिकार आणि उत्तरदायित्व एकत्र आणण्याच्या दिशेने टाकलेले हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण कोणतीही रचना चारित्र्याची जागा घेऊ शकत नाही. 'सिंधुरत्न'वरील दोन तरुणांनी आपल्या सहकाऱ्यांसाठी प्राण दिले आणि त्यांच्या सेनापतीने पद दिले. सार्वजनिक जीवनात अधिकारपदावर बसलेल्या प्रत्येकाने, असा प्रसंग आलाच तर आपण काय देणार, हे स्वतःला विचारून मगच शपथ घ्यावी.