शुक्रवारची यादी

गेल्या हिवाळ्यात आमचा मुक्काम न्यू जर्सीत चिरंजीवांकडे होता. इंदूरच्या थंडीला थंडी म्हणण्याचा आमचा अधिकार तेथे पहिल्याच आठवड्यात संपुष्टात आला, आणि खिडकीबाहेरचे बर्फ व खोलीतील दूरचित्रवाणी या दोहोंकडे आळीपाळीने पाहणे एवढाच उद्योग आम्हांस उरला. आमचा तेरा वर्षांचा नातू शुक्रवारी शाळेतून आला की दप्तर कोपऱ्यात टाकून मोबाइलवर एक यादी उघडून बसे. यादीत माणसांची नावे, प्रत्येक नावापुढे शरीराचा एखादा अवयव, आणि अवयवापुढे एकच शब्द. गुडघा, घोटा, खांदा, पोटरी, बरगडी. आमच्या सौभाग्यवतींना ती एखाद्या हाडवैद्याच्या दारावरची पाटी वाटली. "अहो, एका दिवसात एवढी माणसं पडली कुठं?" असे त्यांनी आम्हांला काळजीने विचारले.

ती माणसे अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक खेळाडू होती. आपल्याकडे फुटबॉल म्हणून जो खेळ ओळखला जातो त्याच्याशी याचा नावापुरताच संबंध. चेंडू लांबट, तो बहुतेक वेळ हातातच असतो, आणि ज्याच्या हाती तो असेल त्याला जमिनीवर आडवा पाडणे हे प्रतिपक्षाचे कर्तव्य असते. दीड-दीडशे किलोची माणसे समोरासमोर बसून चेंडू हलताच एकमेकांवर आदळतात. नॅशनल फुटबॉल लीग या संस्थेचे बत्तीस संघ आहेत. प्रत्येकाच्या नोंदवहीत त्रेपन्न खेळाडू, आणि २०२१ पासून प्रत्येकास हंगामात सतरा सामने. इतक्या आपटाआपटीत हंगामाच्या मध्यावर सर्वांगाने धडधाकट असा खेळाडू सापडणे कठीणच. म्हणून दर आठवड्यास प्रत्येक संघाने कोणास काय लागले आहे, त्याने सरावात किती भाग घेतला, आणि रविवारी तो मैदानात उतरेल काय, हे जाहीर करावे असा नियम आहे. बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार असे तीन दिवस हे चालते. शुक्रवारच्या यादीत भवितव्य असते. 'आउट' म्हणजे खेळणार नाही. 'डाउटफुल' म्हणजे खेळण्याची आशा फारशी नाही. 'क्वेश्चनेबल' म्हणजे सांगता येत नाही. सामन्याच्या दीड तास आधी अखेरचा निवाडा होतो.

नातवाचा या यादीशी संबंध असा की, त्याने व त्याच्या मित्रांनी खऱ्या खेळाडूंची नावे वाटून घेऊन आपापले कागदी संघ केले होते. मैदानात त्या खेळाडूने पळापळ केली की याच्या खात्यात गुण जमा. त्यामुळे डेट्रॉइटमधील कोणा परक्या माणसाचा घोटा सुजला की न्यू जर्सीतील आमच्या घरी रात्रीचे जेवण बेचव होई.

इतक्या खासगी गोष्टी चव्हाट्यावर मांडण्याची ही रीत कोणाच्या हितासाठी पडली असेल, असे कुतूहल आम्हांस वाटले. आम्ही समजत होतो की खेळाडूंच्या प्रकृतीची काळजी म्हणून. परंतु तसे नव्हते. १९४६ च्या डिसेंबरात शिकागो बेअर्स आणि न्यू यॉर्क जायंट्स यांच्यात अजिंक्यपदाचा सामना व्हावयाचा होता. जायंट्सच्या फ्रँक फिल्चॉक आणि मर्ल हेप्स या दोघा खेळाडूंना एका जुगाऱ्याने लाच देऊ केल्याचे ऐन वेळी उघडकीस आले. दोघांनी लाच घेतली नाही, पण ती देऊ केल्याचे कळवलेही नाही. हेप्सला त्या सामन्यास मुकावे लागले. फिल्चॉक खेळला, आणि पुढे दोघांवरही बंदी आली. लीगचे आयुक्त बर्ट बेल यांनी या प्रकरणाचा धसका घेतला. आतली बातमी एकट्यादुकट्या जुगाऱ्याच्या हाती लागू नये, लागावयाची तर ती सर्वांनाच एकदम लागावी, या हेतूने कोण जायबंदी आहे हे जाहीर करण्याची प्रथा त्यांच्या कारकिर्दीत पडली. थोडक्यात, यादी जन्मली ती पैज लावणाऱ्यांमध्ये समता नांदावी म्हणून. गुडघा ज्याचा होता त्याचा विचार तीत कोठेच नव्हता.

मग संघांनी यादीला जे करावयाचे ते केले. पूर्वी तीत 'प्रॉबेबल', म्हणजे बहुधा खेळेल, असाही एक शब्द होता. न्यू इंग्लंडचे प्रशिक्षक बिल बेलिचिक आपल्या टॉम ब्रेडी या प्रमुख खेळाडूचे नाव खांद्याच्या दुखण्यासह या शब्दापुढे वर्षानुवर्षे लिहीत राहिले, आणि ब्रेडी दर रविवारी खेळत राहिला. नियमही पाळला गेला आणि प्रतिपक्षास काही कळलेही नाही. लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार' छापतात त्यापेक्षा त्या शब्दास अधिक अर्थ उरला नव्हता. २०१६ साली तो काढून टाकण्यात आला. याच्या उलट प्रकार न्यू यॉर्क जेट्सने केला. ब्रेट फार्व्ह या विक्रमवीराच्या दंडाचे दुखणे २००८ च्या हंगामात त्यांनी यादीत घातलेच नाही. पुढील वर्षी संघास आणि संबंधितांस मिळून सव्वा लाख डॉलर दंड झाला. हा दंड यादी चुकल्याबद्दल होता. दुखऱ्या दंडाने माणूस खेळवल्याबद्दल कोणासही दंड झाला नाही.

आता आपण म्हणाल, खेळाडू स्वतःच का सांगत नाही? त्याचे उत्तर २००१ च्या एका प्रसंगात आहे. त्या वर्षी २३ सप्टेंबरला न्यू इंग्लंडचा ड्रू ब्लेडसो हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची सगळी चाल ज्याच्या हातून सुरू होते तो खेळाडू, सीमारेषेजवळ एका जबर धडकेने कोसळला. त्याच्या छातीत रक्तवाहिनी फाटून आत रक्तस्राव सुरू झाला होता. त्याही स्थितीत तो उठून पुन्हा मैदानात गेला! नंतर त्याला थांबवून, आदल्या वर्षीच्या निवडीत एकशे नव्व्याण्णवाव्या क्रमांकाने आलेल्या एका पोरसवदा खेळाडूस पाठवण्यात आले. तोच हा टॉम ब्रेडी. हंगामाअखेर ब्रेडीने अजिंक्यपद मिळवले, ब्लेडसो बरा झाला तरी त्याची जागा त्याला परत मिळाली नाही, आणि काही महिन्यांतच त्याची रवानगी बफेलो संघाकडे झाली. ब्लेडसोपाशी निदान पैसा होता. त्याच वर्षी त्याने दहा वर्षांचा दहा कोटी डॉलरांवरचा करार केला होता. ज्यांच्यापाशी तसे काही नसते त्यांची स्थिती आपण ताडावी. या लीगमध्ये करारातील पुष्कळशी रक्कम हमीची नसते. जायबंदी झालेल्यास चालू हंगामाचा पगार साधारणतः मिळतो. पुढच्या वर्षी संघाने त्याला नारळ दिला तर बोलण्यास जागा नाही. मागे रांग उभी असते. अशा माणसास "कसे वाटते?" असे विचारण्यात काय हशील? तो म्हणणार, "उत्तम आहे."

गुडघ्याचे एक बरे असते की तो खोटे बोलू देत नाही, माणूस लंगडतो. डोक्याचे तसे नाही. पिट्सबर्ग संघाचा माइक वेबस्टर हा १९७४ पासून सतरा हंगाम खेळला. चार अजिंक्यपदे मिळाली, कीर्तिमंदिरात नाव लागले. निवृत्तीनंतर त्याची स्मृती गेली, मन थाऱ्यावर राहिले नाही, काही काळ तो गाडीत झोपून दिवस काढी. २००२ साली वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो वारला. शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू हे मूळचे नायजेरियाचे. हा खेळ त्यांच्या परिचयाचाही नव्हता. वरून धड दिसणारा तो मेंदू तसाच पुरू न देता त्यांनी त्याची सूक्ष्म तपासणी केली, आणि वारंवारच्या आघातांनी झिजत गेलेल्या मेंदूचा विकार त्यांना तेथे आढळला. २००५ साली त्यांनी तो निबंध प्रसिद्ध केला. लीगने १९९४ पासून याच विषयासाठी एक समिती नेमलेली होती, आणि तिचे प्रमुख मेंदूचे नव्हे तर सांध्यांच्या विकारांचे वैद्य होते! समितीच्या सदस्यांनी ओमालूंचा निबंध मागे घेण्याची मागणी केली. खेळ आणि हा विकार यांचा संबंध लीगच्या अधिकाऱ्याने उघडपणे मान्य करण्यास २०१६ साल उजाडावे लागले. दरम्यान हजारो निवृत्त खेळाडूंनी दावे लावले. तडजोडीपोटी आजवर शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी लागली आहे. त्या वाटपातही कृष्णवर्णीय खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी होती असे गृहीत धरून हिशेब करण्याची पद्धत होती, आणि ती बंद होण्यास २०२१ उजाडले. हे वाचून आम्ही चश्मा काढून ठेवला.

एवढे झाल्यावर तरी यादी डोक्याबाबत खरे बोलू लागली असेल असे कोणासही वाटेल. २५ सप्टेंबर २०२२ रोजी मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ याचे डोके जमिनीवर आपटले. तो उठला, मान झटकली, दोन पावले टाकली आणि त्याचे पाय लटपटले. सहकाऱ्यांनी धरून सावरले. लक्षावधी लोकांनी हे घरबसल्या पाहिले. तरीही मध्यंतरानंतर तो खेळला. पाठीला लागले आहे, असे कारण देण्यात आले. पुढचा सामना चारच दिवसांनी, गुरुवारी सिनसिनाटीत. त्या आठवड्याच्या यादीत त्याच्या नावापुढे लिहिले होते: पाठ, घोटा, क्वेश्चनेबल. डोक्याचा उल्लेख नव्हता. गुरुवारी तो पुन्हा जोराने आपटला गेला आणि त्याच्या हाताची बोटे वेडीवाकडी ताठरून तशीच राहिली. त्याला झोळीवर घालून नेले.

चौकशीचा निष्कर्ष आम्हांस विलक्षण वाटला. नियमांची प्रत्येक पायरी पाळली गेली होती. मात्र जे घडले ते नियम करणाऱ्यांस अभिप्रेत नव्हते! खेळाडूंच्या संघटनेने पहिल्या सामन्यातील तटस्थ मेंदूतज्ज्ञास कामावरून दूर करविले, आणि त्याच ऑक्टोबरात नियम बदलला. आता चालताना तोल गेलेला दिसला की कारण काहीही सांगोत, त्या दिवशी खेळणे बंद. परत येण्यासही पाच पायऱ्या आहेत, आणि शेवटच्या पायरीवर संघाच्या पगारी डॉक्टराखेरीज एका स्वतंत्र तज्ज्ञाची संमती लागते. खेळाडूचे "उत्तम आहे" हे उत्तर आता पुरावा म्हणून धरले जात नाही. आमच्या मते या साऱ्या इतिहासात खेळाडूचे खरे हित साधणारी गोष्ट ही एवढीच. त्याचा शब्द त्याच्याच रक्षणासाठी अमान्य करण्यात आला. टागोवायलोआ २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा डोक्यावर आघात होऊन पडला तेव्हा त्याला चार सामने बसवून ठेवण्यात आले.

हे लिहिताना आमच्या मनाला एक टोचणीही आहे. आम्ही इंदूरकर. कर्नल सी. के. नायडूंच्या गोष्टी ऐकत आमचे बालपण गेले. पंचावन्नी उलटल्यावर, मुंबईविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून दात पडले, तरी औषधोपचार नाकारून कर्नलसाहेब तसेच खेळत राहिले, ही हकीकत होळकर संघाचा विषय निघाला की जुनी मंडळी हमखास सांगत, आणि आमच्या अंगावर काटा येई. २००२ साली अँटिग्वात अनिल कुंबळेने मोडका जबडा बांधून गोलंदाजी केली आणि लाराचा बळी घेतला, तेव्हा आम्ही खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या होत्या. ब्लेडसो छातीत रक्त साचत असता परत मैदानात गेला त्यालाही अशाच टाळ्या मिळाल्या असतील.

आणि जुगारी? ते आता यादीची वाट चोरून पाहत नाहीत. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांना आडकाठी करणारा कायदा रद्द केला, आणि ज्या लीगने बर्ट बेल यांच्या काळात जुगाऱ्यांचा धसका घेतला होता तिनेच २०२१ साली पैज-कंपन्यांशी भागीदारीचे करार केले. सामना पाहताना दर थोड्या वेळाने त्यांच्या जाहिराती लागतात. नातू त्या पाहत असताना सूनबाई हळूच आवाज बंद करीत, हे आमच्या नजरेतून सुटले नाही.

परतण्यापूर्वीच्या शेवटच्या शुक्रवारी नातवाच्या कागदी संघातील सर्वांत चांगला खेळाडू 'क्वेश्चनेबल' निघाला. मांडी दुखावली होती. नातवाने शनिवारचा दिवस कसाबसा काढला. रविवारी सामन्यास दीड तास असताना तो मोबाइल घेऊन आमच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही बघा. मला भीती वाटते." आम्ही चश्मा लावून यादी पाहिली. न खेळणाऱ्यांत ते नाव होते. पोराचे तोंड उतरले.

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बरं झालं. घरी बसला असेल तर आईच्या हातचं गरम काही खाईल तरी."