एका तासाचा ठराव

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हा वाचकाच्या फुरसतीवर दावा सांगणारे फारसे कोणी नव्हते; आज मात्र बोरिवलीहून चर्चगेटकडे निघालेल्या जलद लोकलच्या डब्यात जो संपादक डोकावेल त्याला, आपला वाचक आसनस्थ आहे, त्याच्यापाशी तासाभराचा अवकाशही आहे, आणि तरीही तो आपल्या अंमलाबाहेर गेला आहे, असेच आढळून येईल. याचा सारा दोष त्याच्या दुर्बळ मनोनिग्रहावर टाकण्याची उपदेशकांची प्रथा आम्हांस मान्य नाही. बोट सरकवीत राहावे आणि खालून मजकूर येतच राहावा, अशी पानाचा शेवटच नाहीसा करणारी युक्ती अझा रस्किन या अमेरिकी रचनाकाराने २००६ साली योजिली, आणि पुढे तिचे परिणाम पाहून त्याने स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला. थांबण्याची जागाच जेथे काढून घेतली आहे, तेथे एकट्या माणसाने केवळ निश्चयाच्या बळावर थांबावे, ही अपेक्षा अन्यायाची होय.

गोराईच्या पॅगोड्याशेजारील विपश्यना केंद्रात दहा दिवसांसाठी जाणारा साधक आरंभीच मोबाइल जमा करतो, आणि ते त्याला साधते, कारण शेजारच्या आसनावरील माणसानेही तो जमा केलेला असतो. परंतु संसारी माणसाला अकराव्या दिवशी घरी यावे लागते, आणि घरी अशी तजवीज नसते.

ती तजवीज सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने केली. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली. पुढे शाळा उघडली, तरी मोबाइल मुलांच्या हातून सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी मांडलेला उपाय गावातील पुरुषांनी हसण्यावारी नेला आणि स्त्रियांनी उचलून धरला (यात आम्हांस मुळीच नवल वाटत नाही), आणि २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला, की दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद, असा परिपाठ पडला. त्या अवधीत मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात. शेजाऱ्याच्याही घरी पडदा काळा असल्यामुळे आपण कशाला तरी मुकतो आहोत, ही रुखरुख कोणासच लागत नाही.

पाणी येण्याच्या वेळेभोवती अख्ख्या इमारतीचा दिनक्रम बिनतक्रार बसविणाऱ्या मुलुंड-घाटकोपरच्या गृहनिर्माण संस्थांना हे असाध्य का वाटावे? सातची वेळ मात्र येथे निरुपयोगी, कारण तेव्हा निम्मे सभासद अंधेरीच्या पुलावर, नाहीतर घाटकोपरला मेट्रोतून उतरणाऱ्या गर्दीत खोळंबलेले असतात. रात्री साडेनऊ ते साडेदहा हा अवधी आम्हांस सोयीचा दिसतो, आणि त्याच अवधीत वाचून व्हाव्यात अशा दीर्घकथा प्रस्तुत अंकात आम्ही हेतुपुरस्सर घेतल्या आहेत. भोंग्याची गरज नाही, दंडाची तर नाहीच. पुढील सर्वसाधारण सभेत, वाहने उभी करण्याच्या जागेचा चिरंतन वाद आटोपल्यावर कोणी शुद्धीवर असल्यास, हा ठराव मांडावा. आणि तो मंजूर झाल्याची वार्ता सभासदांना व्हॉट्सअ‍ॅपवर न धाडता जिन्याखालच्या सूचनाफलकावर लावावी.