घनता चांगली, तरी हाड मोडतं

डेक्सा या घनता मोजणाऱ्या तपासणीच्या अहवालात हाडं उत्तम, आणि तरीही मोरीत पाय घसरल्याचं निमित्त होऊन खुबा मोडलेला. टाइप २ मधुमेहात हा विरोधाभास डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. रक्तातली जादा साखर वर्षानुवर्षं हाडातल्या कोलॅजनला चिकटत राहते, तंतूंची लवचीकता जाते आणि भरीव दिसणारं हाड ठिसूळ होतं. डेक्सा खनिज मोजते. कोलॅजनचा दर्जा तिला दिसत नाही.

फ्रॅक्चरचा धोका वर्तवणाऱ्या मूळच्या ‘फ्रॅक्स’ गणकात टाइप २ मधुमेहासाठी रकानाच नव्हता. जाणकार डॉक्टर मग आमवाताच्या रकान्यात खूण करतात. जुगाडच, पण उपयोगी!

औषधांचं काय? पायोग्लिटाझोन साखर आटोक्यात आणतं, मात्र अस्थिमज्जेतल्या मूळपेशींना हाड घडवण्याऐवजी चरबीकडे वळवतं. त्यामुळे स्त्रियांमध्ये फ्रॅक्चरचं प्रमाण वाढतं. २०१३ मध्ये भारतात या औषधावर बंदी आली आणि काही आठवड्यांत उठलीही. गाजला तो मूत्राशयाच्या कर्करोगाचा मुद्दा. हाडं मागेच राहिली.

त्यात बधिर पावलं, अधू नजर आणि रात्री अचानक उतरणारी साखर. पडायला एवढी कारणं पुरतात. या अंकातले लेख म्हणूनच रक्तातल्या साखरेच्या एचबीए१सी या आकड्यापलीकडे जाऊन रुग्णाच्या चालण्याकडे, चपलांकडे आणि न्हाणीघराच्या फरशीकडे बघतात.